उघडलेले पाणी आणि बंद झालेली वाट

ऑस्ट्रेलियाची जी मराठी प्रवासवर्णने माझ्या वाचनात आली, त्यांत एक गोष्ट हटकून आढळते. सिडनीचा पूल, ऑपेरा हाऊस, कांगारू, मेंढ्यांची कुरणे ह्यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि मग शेवटी केव्हातरी एक परिच्छेद 'तेथील आदिवासीं'च्या वाट्याला येतो. तो परिच्छेदही ठरलेला असतो. अंगावर पांढरे पट्टे ओढलेला, हातात बूमरँग घेतलेला एक माणूस नाचतो, लेखक टाळ्या वाजवतो, 'किती निरागस हे लोक' असा उद्गार काढतो आणि बस पुढे निघते. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे पाहण्याची जी नजर ह्या देशात घडली, तीच नजर विमानात बसून तिकडे जाते, एवढाच ह्याचा अर्थ.

२०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत एका परिसंवादाच्या निमित्ताने मी ऑस्ट्रेलियात गेलो आणि परिसंवाद आटोपल्यावर दोन आठवडे फिरलो. आदिवासी संस्कृतीचा 'अनुभव' तिथे तिकीट लावून मिळतो. रंगीत माहितीपत्रकांत तो शब्द जागोजागी छापलेला असतो. नाच पाहण्यास माझी हरकत नाही, मी पाहिलाही. परंतु ज्या माणसांचा नाच आपण पाहतो, त्यांनी दीडदोनशे वर्षांत काय मागितले आणि त्यांना काय नाकारले गेले हे ठाऊक नसेल, तर त्या अनुभवातून हाती काय लागते? म्हणून मी दोन ठिकाणे निवडली. एका ठिकाणी ते लोक बंद दार उघडण्यासाठी लढले. दुसऱ्या ठिकाणी उघडी असलेली वाट बंद व्हावी म्हणून ते लढले. महाड आणि नाशिकच्या वारशात वाढलेल्या माणसाला पहिली गोष्ट लगेच समजते. दुसरी समजण्यासाठी त्याला थोडा विचार करावा लागतो. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या गोष्टीसाठी लिहितो आहे.

आधी शब्दांचा प्रश्न. 'आदिवासी' हा शब्द मी मराठीच्या सोयीसाठी वापरतो आहे. १७८८ साली इंग्रजांची कैद्यांनी भरलेली जहाजे सिडनीच्या खाडीत आली, तेव्हा त्या खंडात सुमारे अडीचशे भाषा बोलल्या जात होत्या. त्या लोकांना एकत्र बांधणारे एकच नाव नव्हते. ते बाहेरच्यांनी दिले. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले लोक स्वतःला 'अनंगु' म्हणतात, आणि अनंगु ह्याचा अर्थ त्यांच्या भाषेत नुसता 'माणूस' असा आहे. दलित साहित्याच्या वाचकाला ह्या शब्दाचे मोल सांगावे लागू नये. दुसरा शब्द ह्याच्या उलट दिशेचा. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरच्या जातींना 'कास्टा' म्हटले, त्याचे इंग्रजीत 'कास्ट' झाले, आणि ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींतील कायद्यांनी आदिवासी आई व गोरा बाप ह्यांच्या मुलांना 'हाफ-कास्ट' असा शिक्का मारला. आपल्या मातीतल्या रोगाला दिलेले नाव सात समुद्र ओलांडून दुसऱ्यांच्या मुलांच्या कपाळावर उमटले!

आमच्यातील काही उत्साही मंडळी ऑस्ट्रेलियाचे आदिवासी आणि भारताचे मूलनिवासी एकाच रक्ताचे असल्याचे भाषणांतून सांगतात. २०१३ साली एका जनुकीय अभ्यासाने सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतातून तिकडे माणसे गेली असावीत असे अनुमान काढले होते, हे खरे. पण २०१६ साली दुसऱ्या अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. मला ह्या रक्ताच्या नात्याची गरज वाटत नाही. नाते जोडायचेच तर ते जोडण्यासाठी मोरी गावचे पाणी पुरेसे आहे.

मोरी हे गाव सिडनीच्या वायव्येस सहाशेहून अधिक किलोमीटरवर आहे. नाव ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर न्हाणीचा कोपरा यावा, आणि योगायोग असा की गाव न्हाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. १८९५ साली तिथे खोल विंधणविहीर खणली, तेव्हा जमिनीच्या पोटातून गरम पाणी उसळले. पुढे त्यावर सार्वजनिक स्नानगृहे आणि पोहण्याचा तलाव झाला. सांधेदुखीची म्हातारी माणसे आजही लांबून येतात. ही जमीन गमिलाराय लोकांची. त्यांच्याच जमिनीखालचे ते पाणी. १९५५ साली गावच्या नगरपालिकेने ठराव केला, की पूर्ण अथवा अर्ध्या आदिवासी रक्ताच्या, किंवा तसे रक्त असल्याचे वरवर दिसणाऱ्या कोणाही व्यक्तीस ह्या स्नानगृहात प्रवेश नाही. ठरावातील 'वरवर दिसणाऱ्या' ही तजवीज पाहावी. रक्त कोणी तपासणार नव्हते. दारावरचा तिकीटवाला चेहरा पाहून ठरवणार होता.

१९६५ च्या फेब्रुवारीत सिडनी विद्यापीठाच्या तीसेक विद्यार्थ्यांची एक बस ह्या भागात आली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या 'फ्रीडम राइड'वरून त्यांनी कल्पना घेतली होती. बहुतेक विद्यार्थी गोरे होते आणि त्यांचे नेतृत्व चार्ल्स पर्किन्स हा अरंडा आईचा मुलगा करीत होता. वॉलगेट नावाच्या गावात माजी सैनिकांच्या क्लबात आदिवासी माजी सैनिकांनाच प्रवेश नव्हता. देशासाठी गोळी खाण्यास पात्र, पण क्लबात पेला उचलण्यास अपात्र. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पलटणीतून परतलेल्यांची गावातली अवस्था पाहिली, त्यांना ह्यात नवीन काही वाटणार नाही. तिथे निदर्शने करून बस मोरीला आली. पर्किन्स आदिवासी वस्तीतली मुले घेऊन तलावाच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी तिकिटे मागितली. मुले आत गेली, पोहली. बस पुढे गेली आणि बंदी पुन्हा लागू झाली, असे कळताच बस माघारी फिरली. आता दारापुढे शेकडोंचा जमाव होता. अंडी आणि टोमॅटो फेकण्यात आले, विद्यार्थ्यांवर थुंकण्यात आले. तासन्‌तास ते दारातून हलले नाहीत, आणि अखेर ठराव मागे घेण्याचे गावच्या कारभाऱ्यांना कबूल करावे लागले.

२० मार्च १९२७ आणि फेब्रुवारी १९६५ ह्यांच्यामध्ये अडतीस वर्षे आहेत. फरकही आहेत. महाडला सत्याग्रहींनी पाणी प्याल्यावर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. मोरीला तसला विधी झाला नाही. तिथे 'आरोग्य' आणि 'स्वच्छता' हे शब्द वापरण्यात येत. धर्माच्या जागी विज्ञानाची भाषा आली तरी पाण्याजवळ उभ्या राहणाऱ्या दोन माणसांतले अंतर तेवढेच राहते, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. शिवाय महाडचा न्यायालयीन निकाल लागायला १९३७ साल उजाडले होते. मोरीला ठराव मागे घेण्याची कबुली लवकर मिळाली, कारण वर्तमानपत्रांचे बातमीदार आणि कॅमेरे बसच्या मागावर होते. २०१३ पासून तो तलाव राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत आहे. मी गेलो तेव्हा पाण्यात सगळ्या रंगांची मुले दंगा करीत होती.

पर्किन्स १९६६ साली पदवीधर झाले. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या आदिवासींत त्यांची गणना होते. १७८८ पासून १९६६ पर्यंत! आणि त्याच १९६६ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाने नवे दशमान चलन आणले. एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी ह्या आदिवासी चित्रकाराचे झाडाच्या सालीवरचे चित्र छापले होते. चित्रकाराला विचारलेच नव्हते. नोटा बाजारात आल्यावर गवगवा झाला, तेव्हा त्याला एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीच्या सामानाची पेटी देण्यात आली. म्हणजे आदल्या वर्षापर्यंत जो माणूस तलावात नको होता, त्याची कला दुसऱ्या वर्षी प्रत्येकाच्या खिशात गेली. संस्कृती हवी आणि माणूस नको, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. तमाशाची ढोलकी, पोतराजाचा आसूड, संबळ हे सगळे रंगमंचावर चालते. वाजवणाऱ्याला भाड्याने घर द्यायची वेळ आली की आडनाव विचारले जाते.

मोरीहून मी सिडनीला परतलो तो एका मराठी कुटुंबाकडे. माणसे अगत्यशील. पुरणपोळी केली होती. पुढचा बेत मध्य ऑस्ट्रेलियाचा आहे, ॲलिस स्प्रिंग्ज आणि उलुरू पाहणार आहे, असे मी सांगितले तेव्हा यजमान म्हणाले, "सर, खडक बघा नि परत या. त्या लोकांच्या भानगडीत पडू नका. दिवसभर दारू पिऊन पडलेले असतात. सरकार फुकट पोसतंय. आपण इथं मेहनत करून टॅक्स भरायचा आणि ह्यांना सगळं बसल्या जागी."

मी म्हटले, "आमच्याकडे ह्याला सरकारचे जावई म्हणतात."

ते मनापासून हसले. "अगदी बरोबर शब्द, सर!"

माझे आडनाव गावावरून पडलेले आहे, त्यावरून काही कळत नाही. मी पुढे एवढेच विचारले की, जमीन कोणाची होती आणि भाडे कोणी कोणाला द्यायचे? त्यांच्या पत्नीने वाढता वाढता विषय बदलला. हा प्रसंग कोणाची निंदा करण्यासाठी सांगत नाही. दोनचार वर्षांपूर्वी तिथे गेलेला मनुष्य तिथल्या गोऱ्यांचे मत एवढ्या चटकन कसे उचलतो, ह्याचे मला कोडे वाटले नाही. त्याला ते शिकावे लागत नाही. वाक्य तयारच असते, फक्त त्यातला कर्ता बदलायचा असतो. आदल्याच वर्षी, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, तिथे सार्वमत झाले होते. आदिवासींच्या प्रश्नांवर संसदेला सल्ला देणारे एक मंडळ राज्यघटनेत असावे, निर्णयाचा अधिकार नव्हे, नुसता सल्ल्याचा, एवढीच मागणी होती. सुमारे साठ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. सहाच्या सहा राज्यांनी नाकारले. दूरच्या वाळवंटी वस्त्यांतील आदिवासी मतदारांनी मात्र मोठ्या बहुमताने होकार दिला होता. परिसंवादाच्या आरंभी प्रत्येक वक्ता उठून 'ही भूमी अमुक लोकांची आहे' असे आदराने म्हणत होता. आपल्या सभांत फोटोला हार घालून झाल्यावर जे होते, तेच त्यानंतर होत होते.

सिडनीहून विमानाने ॲलिस स्प्रिंग्ज. इथे १८७२ सालचे तारायंत्राचे दगडी ठाणे जपून ठेवले आहे. पर्यटक तारेच्या यंत्राची छायाचित्रे घेतात. १९३२ ते १९४२ ह्या काळात ह्याच इमारतींत 'हाफ-कास्ट' मुलांना आणून ठेवीत असत. चार्ल्स पर्किन्स १९३६ साली ह्याच आवारात जन्मले. आईपासून मुले तोडून गोऱ्यांच्या रीतीने वाढवायची, म्हणजे एक-दोन पिढ्यांत रंग आणि भाषा दोन्ही धुऊन निघतील, हे सरकारचे धोरण होते. त्याची चौकशी होऊन १९९७ साली अहवाल आला, आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनी संसदेत माफी मागितली. ह्या विषयावर स्वतंत्र लेखच हवा. इथे थांबत नाही.

ॲलिस स्प्रिंग्जहून साडेचारशे किलोमीटरवर उलुरू. सपाट लाल वाळवंटात एकच खडक, ३४८ मीटर उंच, साडेनऊ किलोमीटर घेराचा. १८७३ साली विल्यम गॉस नावाचा मोजणीदार तिथे पोचला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे एक मंत्री सर हेन्री एअर्स ह्यांचे नाव त्याने खडकाला दिले. ज्यांनी हजारो वर्षे त्या खडकाला नाव ठेवले होते, ते नाव नकाशावर यायला १९९३ साल लागले. तेही आधी 'एअर्स रॉक / उलुरू' असे दुसऱ्या क्रमांकावर. क्रम उलटला तो २००२ साली.

१९२० साली हा भाग आदिवासींसाठी राखीव म्हणून ठेवला होता. पर्यटकांची गाडी येऊ शकते असे दिसताच १९५८ साली खडक त्या राखीव क्षेत्रातून कापून काढला आणि राष्ट्रीय उद्यान केले. अनंगुंनी तिथे येऊ नये, पर्यटकांना अडचण होते, असे धोरण ठेवले. १९६४ साली खडकाच्या पश्चिम अंगाला लोखंडी साखळी ठोकली, तिला धरून लोक माथ्यावर चढू लागले. अनंगुंच्या परंपरेत ही वाट माला पूर्वज, म्हणजे तांबूस छोट्या कांगारूंच्या रूपातले पूर्वज, तिथे प्रथम आले त्या विधीची वाट आहे. अनंगु त्या वाटेने चढत नाहीत. चढणाऱ्यांच्या रांगा पाहून ते पर्यटकांना 'मिंगा' म्हणू लागले. मिंगा म्हणजे मुंग्या.

पुढची कथा राजकारणाची आहे. १९७६ साली उत्तर प्रदेशासाठी (ह्या प्रांताचे नाव 'नॉर्दर्न टेरिटरी' असे आहे, आपला उत्तर प्रदेश नव्हे) आदिवासी जमीन हक्क कायदा झाला. १९८३ साली पंतप्रधान हॉक ह्यांनी उलुरू अनंगुंना परत देण्याचे जाहीर केले. त्या घोषणेत चढण बंद करण्याचे आश्वासन होते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमिनीचे कागद हाती देण्यात आले खरे, पण त्याच समारंभात ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला परत द्यावी लागली. चढण चालूच राहील, ही अट होती. मालकी दिली आणि मालकाने कोणाला अडवायचे नाही असेही ठरवून दिले. आपल्याकडच्या कूळकायद्याच्या आणि इनामवर्ग जमिनींच्या कहाण्या ज्यांना माहीत आहेत, त्यांना ह्या व्यवहाराची जात ओळखू येईल.

मग अनंगुंनी काय केले? त्यांनी दार लावले नाही, कारण तो अधिकार नव्हता. त्यांनी विनंतीचा फलक लावला: आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका. आणि ते वाट पाहत राहिले. १९९० च्या दशकात चार पर्यटकांतले तिघे तो फलक वाचून चढत असत. हळूहळू प्रमाण उतरले. वीस टक्क्यांहून कमी लोक चढू लागले तर चढण बंद करता येईल, असे २०१० च्या आराखड्यात आले. काही वर्षांत ते सोळा टक्क्यांवर पोचले. नोव्हेंबर २०१७ मध्ये, अनंगुंचे बहुमत असलेल्या मंडळाने निर्णय घेतला. हे ठिकाण खेळण्याचे मैदान किंवा करमणुकीची बाग नव्हे, अशा आशयाचे मंडळाचे अध्यक्ष सॅमी विल्सन बोलले. २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, कागद मिळाल्याला बरोबर चौतीस वर्षे झाली त्या दिवशी, वाट कायमची बंद झाली. त्याआधीच्या महिन्यांत चढायला झुंबड उडाली होती. नंतर साखळी कापून काढली. पावलांनी झिजलेला फिकट पट्टा मात्र लाल खडकावर लांबून दिसतो.

त्या पट्ट्याखाली उभे राहिल्यावर आपला वाचक जो प्रश्न विचारील, तो मी मुद्दाम इथे मांडतो. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू केला. पवित्र म्हणून बंद असलेले प्रत्येक ठिकाण संशयाने पाहावे, हे आम्ही तिथून शिकलो. मग 'हे स्थळ पवित्र आहे, पुढे येऊ नका' असे कोणी म्हणाले, तर केवळ तो आदिवासी आहे म्हणून आम्ही मान डोलवायची काय? उलुरूच्या पायथ्याशी काही भागांचे छायाचित्र घेण्यास मनाई आहे. काही जागा केवळ पुरुषांच्या, काही केवळ स्त्रियांच्या. अनंगुंचे ज्ञान, ज्याला ते चुकुर्पा म्हणतात, ते सर्वांना सारखे दिले जात नाही. वय, दीक्षा, लिंग ह्यांप्रमाणे दिले जाते. वेद कानी पडला तर शिसे ओतणाऱ्या व्यवस्थेचे बळी आम्ही. ज्ञानाच्या पायऱ्या म्हटल्या की आमच्या अंगावर काटा येणारच.

माझे म्हणणे असे. बंदी पवित्र की अपवित्र हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोण घालतो, कोणावर घालतो आणि त्यातून कोणाचे काय हिरावले जाते, हे पाहिले पाहिजे. नाशिकच्या दाराआड असलेल्यांच्या हाती गावाची जमीन, न्याय, पाणी, अक्षर सगळे होते. दार हे त्या सत्तेचे चिन्ह होते, म्हणून दारावर धडक. आम्ही आत गेल्याने आतल्यांचे काही कमी होणार नव्हते, त्यांचा वरचढपणा सोडून. उलुरूला उलट. चढणाऱ्याच्या हाती विमानाचे तिकीट, पासपोर्ट, कायदा, आणि साखळी ठोकणारे सरकार. न चढल्याने त्याची भाकरी जात नाही, त्याचे माणूसपण उणे होत नाही. आणि चढल्याने काय होत होते? माथ्यावर संडास नाही. चढणाऱ्यांची घाण पावसाने खालच्या डोहांत उतरत असे, ज्यांवर तिथले पशुपक्षी जगतात. चढताना निदान सदतीस माणसे मेली, आणि आपल्या घरी आलेला पाहुणा मेला म्हणून अनंगु त्यांचा शोक करीत. महाडला आमच्या स्पर्शाने पाणी विटाळते म्हणाले. ते कधीच विटाळले नव्हते. इथे पाणी खरोखर घाण होत होते, आणि तरी घाण करणाऱ्याला कोणी अस्पृश्य म्हटले नाही. 'कृपा करून चढू नका' एवढेच म्हटले, आणि चौतीस वर्षे थांबले.

ज्ञानाच्या पायऱ्यांबद्दलही हेच. चुकुर्पात जन्मलेले मूल वयाबरोबर चढत जाते. एखादे कूळ जन्मतः कायम खालच्या पायरीवर बसवलेले नसते. स्त्रियांचे ज्ञान पुरुषांना बंद, पुरुषांचे स्त्रियांना. त्या व्यवस्थेत अन्याय नसेल असे मी म्हणत नाही. कोणत्याही समाजाला असे प्रशस्तिपत्र देऊ नये, आणि तो हिशेब त्यांच्याच मुली मांडतील. पण ज्ञान लपवून दुसऱ्याला राबवणे आणि लुटून उरलेले ज्ञान जपून ठेवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटेवर छापून गेलेल्या चित्राच्या धन्याला ते विचारावे.

'चुकुर्पा'चे भाषांतर पर्यटनाच्या पत्रकांत 'स्वप्नकाळ' असे असते. १८९० च्या दशकात गोऱ्या अभ्यासकांनी अरंडांच्या एका शब्दाचे केलेले हे भाषांतर सगळ्यांवर चिकटले. अनंगु स्वतः सांगतात की चुकुर्पा म्हणजे कायदा: कोणी कोणाशी लग्न करावे, पाणी कसे राखावे, जमिनीचे कोणी काय देणे लागतो. कायद्याला स्वप्न म्हटले की काम सोपे होते. ज्याच्याजवळ कायदा नाही, केवळ स्वप्न आहे, त्याच्या जमिनीला मालक नाही असे म्हणता येते. १९७१ साली उत्तरेकडच्या योल्न्गु लोकांच्या खटल्यात न्यायाधीशांनी त्यांच्याजवळ काटेकोर कायदा असल्याचे मान्य केले, आणि तरी जमीन त्यांची नाही असा निकाल दिला. 'ही भूमी कोणाचीच नव्हती' हे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले ते १९९२ साली, एडी माबो ह्यांच्या खटल्यात. निकाल ऐकायला माबो हयात नव्हते.

पर्यटक राहतात त्या वसतिगृहांपासून खडकाकडे जाताना मुटिजुलु ही अनंगुंची वस्ती लागते. परवान्याशिवाय आत जाता येत नाही. २००७ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने मुलांच्या शोषणाच्या बातम्यांचे कारण देऊन प्रांतातल्या आदिवासी वस्त्यांचा कारभार हाती घेतला, तेव्हा सैनिक प्रथम आले त्यांत ही वस्ती होती. वंशभेदविरोधी कायदा त्यासाठी स्थगित ठेवला गेला. खडकाच्या सूर्यास्ताची लक्षावधी छायाचित्रे निघतात; त्यात ही वस्ती येत नाही.

वस्तीचे नाव ज्यावरून पडले, तो मुटिजुलुचा डोह खडकाच्या पायथ्याशी आहे. थंड सावलीची जागा. १९३४ साली बिल मॅकिनन हा पोलीस शिपाई निसटलेल्या आदिवासी कैद्यांच्या मागावर इथे आला. कैद्यांवर आरोप होता तो त्यांच्याच कायद्यानुसार दिलेल्या एका मृत्युदंडाचा. त्यांतला योकुनुना डोहाजवळच्या गुहेत लपला होता. मॅकिननने गोळी झाडली आणि तो मेला. १९३५ साली चौकशी झाली. नेम धरून गोळी मारली नाही, असे मॅकिननने सांगितले, आणि त्याच्यावर काही कारवाई झाली नाही. चौकशी करणाऱ्यांनी प्रेत उकरून हाडे ॲडलेडला नेली. इतिहासकार मार्क मॅकेना ह्यांना मॅकिननच्या घरच्या कागदांत त्याची मूळ नोंदवही मिळाली. तीत त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते, की लागावी म्हणूनच गोळी मारली. २०२१ साली मॅकेना ह्यांचे पुस्तक आले. योकुनुनाची कवटी ॲडलेडच्या संग्रहालयात सापडली. ती २०२२ साली उलुरूला आणून मातीत ठेवण्यात आली.

मी डोहावर पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. पाणी थोडे होते. दोन फ्रेंच बाया बाकावर बसून सफरचंद खात होत्या. डोहाकडे जाणारी ही वाट पर्यटकांना खुली आहे. गाडीतळापासून दहा-पंधरा मिनिटांत कोणीही चालत जाऊ शकतो.